साडूंच्या पडद्यावरचे आगंतुक

आमच्या साडूंइतका चिंतेला मनापासून वाहून घेतलेला माणूस दहिसरच्या नाक्यापासून वसईच्या खाडीपर्यंत दुसरा सापडणार नाही. बाकीचे लोक अडचण आली की घाबरतात. आमचे साडू अडचण आली नाही की जास्त घाबरतात, कारण मग ती कुठल्या बाजूने येणार याचा अंदाज बांधायला काही साधनच उरत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे खारी गावचे, घराणं मिठागरवाल्यांचं. आता मिठागर राहिलं नाही, भाताची खाचरंही राहिली नाहीत, आणि साडू जेसल पार्कातल्या एका फ्लॅटमध्ये बसून इमारतींच्या नळांचे आणि मोऱ्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढतात. एखाद्या चिंताळू माणसाला नेमकं पाणी कुठून गळेल याचाच विचार करायचे पैसे मिळावेत, हा योग फार थोड्यांच्या कुंडलीत असतो.

लिफ्टमध्ये शिरताना ते आतल्या माणसाला "वर चाललीये ना?" असं विचारतात, आणि तो "हो" म्हणाला की दुसऱ्यालाही विचारतात. लग्नाला गेले की आधी बाहेर पडायचं दार शोधतात, मग नवरानवरी. आमच्याकडून जेवून घरी परत गेले की फोन करून "पोचलो" म्हणतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून "मी मघाशी पोचलो म्हणून फोन केला होता ना?" असं विचारतात. एकदा उत्तनला त्यांच्या एका जुन्या ख्रिस्ती मित्राकडे सणाचं जेवण होतं. पानात सुरेख तळलेली सुरमई पडली. साडूंनी तिच्यातले काटे काढायला घेतले. सगळ्यांची जेवणं झाली, हात धुऊन झाले, गिटार वाजवून झाली, तरी हे पानावरच. मित्राची आई शेवटी कळवळून म्हणाली, "अरे बाबा, सुरमईला काटे कमीच असतात रे!" साडू मान वर न करता म्हणाले, "तेच तर. कमी असले की सापडत नाहीत."

पण ज्या गोष्टीने त्यांना आयुष्यात सर्वांत जास्त छळलं ती गोष्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर मध्येच उगवणाऱ्या त्या चौकटी. ज्यांना आपण सगळे पॉप-अप म्हणतो, त्यांना साडू 'आगंतुक' म्हणतात. काम करता करता समोर एक चौकट येते आणि विचारते, "तुम्हाला खात्री आहे का?" तुम्ही-आम्ही 'हो'वर बोट दाबतो आणि पुढे जातो. साडू थांबत. चष्मा काढत. ज्या माणसाला आपण दाराला कुलूप लावलं याची खात्री नसते, त्याला असला प्रश्न उघड्यावर विचारायचा म्हणजे केवढा क्रूरपणा! मग ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडत, "अगं, हा विचारतोय!" आणि ताई स्वयंपाकघरातून, काय विचारतोय हे न बघता, "हो म्हणा!" असं ओरडून सांगत. त्या घरातल्या कैक फायली ताईंच्या भरवशावर कायमच्या पुसल्या गेल्या आहेत.

शेवटी साडूंनी बंड केलं. कॉम्प्युटर चालवायला लिनक्स नावाची प्रणाली तर ते आधीपासून वापरत होतेच. पण त्यावरचा सगळा नटवा डेस्कटॉप त्यांनी एका रविवारी काढून टाकला आणि त्याच्या जागी कुठलासा साधा, फकिरी विंडो मॅनेजर आणून बसवला. विंडो मॅनेजर म्हणजे काय हे त्यांनी मला चहाचे कप टेबलावर सरकवून समजावलं: खिडक्या पडद्यावर कुठे मांडायच्या एवढंच बघणारा कारभारी. बाकी घड्याळ नाही, चित्रं नाहीत, खालची पट्टी नाही. पडदा काळाकुळकुळीत. टिंग वाजतं म्हणून स्पीकर तर त्यांनी केव्हाच माळ्यावर टाकले होते. "बघा," साडू मला अभिमानाने म्हणाले, "आता आगंतुक येतच नाहीत. म्हणजे निरोप निघतात, पण ते घेऊन पडद्यावर दाखवणारा गडी मी ठेवलेलाच नाही." माझा हाटकेशला पुठ्ठ्याची खोकी बनवायचा गाळा आहे. त्यामुळे या सगळ्यातलं मला जेवढं कळायचं तेवढंच कळलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांती मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो, म्हणजे त्यांच्या लग्नानंतर. ती पावसाळा संपेपर्यंत टिकली.

मग त्यांची आई त्यांच्याकडे राहायला आली. म्हणजे आणावीच लागली. खारीतलं जुनं घर पाडून तिथे इमारत उभी राहत होती, आणि आईला विसरायला व्हायला लागलं होतं. आधी नावं गेली, मग माणसं, मग वर्षं. राहिलं ते मिठागर. दुपार झाली की ती उठायची, पदर डोक्यावर घ्यायची, एका फडक्यात भाकरी बांधायची आणि दाराकडे निघायची. "कुठे चाललीस, आई?" असं विचारलं की म्हणायची, "आगरान जाते. मीठ वर काढलंय ना? त्याच्याकं कोन बघल?" ताई शाळेत शिकवतात, त्या संध्याकाळपर्यंत घरी नसत. घरात दिवसभर फक्त साडू आणि आई. दारातून बाहेर पडलं की जिना, जिन्याखाली रस्ता, रस्त्यावर रिक्षा, ट्रक, आणि थोडं पुढे खाडी. आयुष्यभर खोट्या चिंता करत आलेल्या माणसाच्या घरी आता एक खरी चिंता येऊन बसली होती.

मी म्हटलं, "साडूभाऊ, दाराला वरून कडी लावा, विषय संपला." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझं खोक्यांचं डोकं परत घेऊन जावंसं वाटलं. "कोंडू तिला? एकदा कडी लावून बघितली, तर तिने रडत दार वाजवलं होतं हो. मी आतच होतो, तरी वाजवत होती." बरं, दार उघडलं की वाजणारी घंटा लावावी, तर घंटा वाजली की आईला वाटे, कुणीतरी आलंय, आणि ती दार उघडायला अजून लगबगीने धावे. तेव्हा साडूंनी एक शक्कल काढली. दाराच्या चौकटीला एक लहानसं चुंबक लावलं, त्याला एक चिमुकलं यंत्र जोडलं, आणि दार उघडलं की त्या यंत्राने कॉम्प्युटरला निरोप पाठवायचा अशी व्यवस्था केली. निरोप फक्त दोन शब्दांचा: 'आई दारात.' ज्या माणसाने सगळ्या आगंतुकांना घराबाहेर काढलं होतं, त्याने या एकाला मात्र आपण होऊन बोलावलं.

आणि तो काही येईना. येणार कसा? निरोप घेणारा गडीच ठेवला नव्हता. मग गडी नेमायची खटपट सुरू झाली, आणि त्यात माझी नेमणूक 'दारवाला' म्हणून झाली. रविवारी सकाळी मी जेसल पार्कात हजर व्हायचं, साडूंनी आत पडद्यासमोर बसायचं, आणि त्यांनी "उघडा!" म्हटलं की मी दार उघडायचं, "लावा!" म्हटलं की लावायचं. मी दार उघडी. आतून शांतता. "उघडलंत का?" "उघडलंय." "नक्की?" असा आमचा संवाद चाले. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन पहिल्या रविवारी दारात येऊन उभ्या राहिल्या, दुसऱ्या रविवारी खुर्ची घेऊन बसल्या, आणि तिसऱ्या रविवारी न राहवून म्हणाल्या, "भाई, या तो अंदर जाओ, या तो बाहर आओ. मेरे को चक्कर आता है." आईला मात्र हा प्रकार पसंत पडला होता. ती सोफ्यावर बसून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "ह्यो मानूस चांगला हाय. पन ह्याला जायाचं कुठं हाय?"

निरोप दाखवणारा एक लहान प्रोग्राम साडूंनी घातला. तरी पडदा कोरा. शोध घेता घेता कळलं की जुना नटवा डेस्कटॉप काढला तरी त्याचा निरोप्या मागे राहून गेला होता. तो आतल्या आत सगळे निरोप आधी झेलायचा, आणि त्याला दाखवायला पडद्यावर जागा नसल्यामुळे घेऊन बसायचा. साडूंनी त्याला हुडकून काढून टाकलं. मग 'आई दारात' दिसायला लागलं, पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत नाहीसं व्हायला लागलं. त्या क्षणी आपण नेमके चष्मा पुसत असलो तर, या विचाराने साडूंना जेवण जाईना. मग त्यांनी साधा निरोप सोडून, बटण दाबेपर्यंत हलायचं नाही अशी चिवट चौकट बनवली. त्यांचा नवा कारभारी पडला शिस्तीचा. कुठलीही खिडकी आली की आहे त्या जागेत तिला सारखा वाटा द्यायचा, हा त्याचा खाक्या. मी दार उघडलं आणि अर्ध्या पडद्यावर, दुकानाच्या पाटीएवढ्या आकारात, 'आई दारात' उगवलं. आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. मी धावलो. साडू जमिनीवर बसून छातीवर हात ठेवून म्हणाले, "चालतंय. चालतंय. पण साइज कमी करायला पाहिजे."

त्यांनी कारभाऱ्याला नियम घालून दिला, की ही चौकट वाट्याबिट्यात धरायची नाही, छोटीच ठेवायची, आणि पडद्याच्या मधोमध तरंगती ठेवायची. आता ती छोटी झाली, तरंगायलाही लागली, पण भलतीकडेच. त्यांच्या पडद्यावर एकाआड एक अनेक पडदे असतात. साडू नकाशाच्या पडद्यावर काम करत असले की चौकट बाजूच्या रिकाम्या पडद्यावर जाऊन एकटीच तरंगत राही. तेही त्यांनी निस्तरलं. प्रत्येक वेळी त्यांना वाटे आता झालं, आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी त्यांचा मला फोन येई. "अहो, एक मनात आलं. समजा लाइट गेली तर?" लाइटसाठी बॅटरी घेतली. "समजा ती दार न उघडता गेली तर?" यावर मात्र मी फोन ठेवला. मला हसू येत होतं हे खरं, पण त्या घरातून निघताना मी हल्ली दार लावलं की ओढून बघायला लागलो होतो. चिंता ही त्यांच्याकडची सर्दी होती, आणि मला ती लागली होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी गाळ्यावर त्यांचा फोन आला. नेहमीसारखी "बिझी आहात का? नक्की?" अशी सुरुवात नाही. फक्त एवढंच: "आई नाहीये."

मी स्कूटर काढली आणि सुटलो. साडू इमारतीखाली अनवाणी उभे होते. वॉचमन हात जोडून पुन्हा पुन्हा सांगत होता, "साब, अम्माजी निकली थीं, हाथ में पोटली थी. हम पूछे किधर, तो कुछ बोलीं, हमको समझा नहीं." साडूंना मागे बसवलं. आधी खारीला गेलो, त्यांच्या जुन्या घराच्या जागी. तिथे पत्र्याचं कुंपण होतं आणि आत क्रेन. कुणी बघितलं नव्हतं. मग खाडीकडे. भरती होती. आभाळही भरून आलं होतं, वारा सुटला होता. काठाकाठाने स्कूटर हळू चालवत मी एका बाजूला बघत होतो, ते दुसऱ्या बाजूला. मी वाट बघत होतो की ते आता 'समजा' म्हणतील. समजा ती पाण्यात, समजा ती रुळांवर. आयुष्यभर ज्यांनी घडू शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा आधी उच्चार केला ते साडू अवाक्षर बोलत नव्हते. फक्त माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात हळूहळू घट्ट होत होता. मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली असेल तर त्या गप्प बसण्याची.

आई सापडली ती त्यांच्याच इमारतीच्या मागच्या गल्लीत. तिथे एका इमारतीत लादीचं काम चाललं होतं, आणि फुटपाथवर संगमरवराच्या चुऱ्याचा ढीग ओतलेला होता. पांढराशुभ्र. आई त्याच्या शेजारी भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन राखण करत बसली होती आणि कामगारांवर ओरडत होती. "आभाल बघा वर! पाऊस आयला तं सगलं मीठ वितलेल! झाका रं, झाका!" तिची भाषा त्या कामगारांतल्या एकालाही येत नव्हती. पण तिचा जीव कशासाठी तुटतोय एवढं त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी कुठूनतरी निळं प्लॅस्टिक आणून अर्धा ढीग खरोखरच झाकला होता, आणि एकजण कडांवर विटा ठेवत होता. "माताजी, हो गया, हो गया," असं तो तिला समजावत होता. साडू तिच्याजवळ गेले. मला वाटलं ते रडतील, किंवा ओरडतील. ते खाली बसले, आणि उरलेल्या अर्ध्या ढिगावर प्लॅस्टिक ओढायला लागले. सगळा ढीग झाकून होईपर्यंत आई उठली नाही, आणि तेही उठले नाहीत.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की साडूंची चिंता ही साडूंची नव्हेच. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरातली माणसं वर्षाची मेहनत उघड्यावर ढीग करून आभाळाकडे बघत बसली, त्या घरात निर्धास्त मूल जन्माला येणार कुठून? मी इतकी वर्षं ज्याची थट्टा करत होतो ते त्यांच्याकडे जमिनीसारखं वारशाने आलेलं होतं, आणि जमीन गेली तरी ते राहिलं होतं.

घरी आलो. आईला झोपवलं. मग साडू कॉम्प्युटरसमोर गेले, आणि मी त्यांच्या मागे उभा राहिलो. पडदाभर, कडेपासून कडेपर्यंत, एक इंग्रजी पान उघडं होतं. ते बाजूला सारल्यावर खाली नकाशा दिसला, आणि नकाशाच्या मधोमध, नियमाप्रमाणे छोटी, नियमाप्रमाणे तरंगती, ती चौकट दिसली: 'आई दारात.' ती वेळेवर आली होती. हलली नव्हती. बटण दाबायची वाट बघत दुपारभर तशीच थांबली होती. "वरचं पान कसलं होतं?" मी विचारलं. साडूंनी चष्मा काढून पुसला. "पॉप-अप खिडक्यांच्या मागे लपले तर काय करावं, त्याचं. नीट वाचता यावं म्हणून फुल स्क्रीन केलं होतं."

मी हसलो नाही. हे वाचून तुम्हाला हसू आलं तर माझी हरकत नाही, मलाही नंतर आलं. पण त्या खोलीत ते येणं शक्य नव्हतं. त्यांनी बटणावर बाण नेला आणि तसाच ठेवला. मीच हात पुढे करून ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी साडूंनी टेबल उचलून दाराच्या आत, अगदी वाटेत आणून ठेवलं. आता त्या घरात शिरायचं तर साडूंच्या खुर्चीला वळसा घालून, पोट आत घेऊन शिरावं लागतं. ताई कुरकुरतात, समोरच्या बेन हसतात, आणि साडू पाठ दाराला लावून नकाशे काढत असतात. आई भाकरी बांधून आली की ती त्यांच्या खुर्चीला अडते. मग ते काम तसंच सोडतात, चपला घालतात आणि तिला घेऊन खाली उतरतात. खाडीवरच्या चौपाटीपर्यंत दोघं हळूहळू चालत जातात. काम मागे पडतं, त्याची चिंता त्यांना आहेच. ती ते चालता चालता करतात.

परवा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाकावर मध्ये आई, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साडू. ओहोटी होती, पलीकडच्या चिखलावर बगळे उतरले होते. आई त्यांच्याकडे बघत होती. मग साडूंकडे वळून, एखाद्या गावकऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, "तू रोज येतस हितं?"

"येतो," साडू म्हणाले.

"कामाचा दिसतस. तुना एक सांगू? माझा एक पोर हाय. हुशार हाय, पन लय भित्रा हाय. ल्हानपनापासना. जरा ढग आला का माझ्या पदरान येतो." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "मी काय आता जन्माला पुरनार न्हाय. त्याच्यावर जरा लक्ष ठेवशील का रं?"

मी पाण्याकडे बघत राहिलो. दुसरं कुठे बघायची माझी हिंमत नव्हती.

"ठेवीन," साडू म्हणाले. मग वारा आला, आईच्या डोक्यावरचा पदर सरकला, आणि त्यांनी तो नीट केला.